मी एकच पत्र देईन

आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच माझ्याबद्दल चांगलं काही समजून बसणार नाही. त्या पोट्टीचं वाटोळं मी केलं. मी, अॅडव्होकेट रामकृष्ण वैरागडे, राहणार तात्यापारा, रायपूर. चाळीस वर्षांची फौजदारी वकिली. मले कोणी करायले लावलं नाही, कोणाचा दबाव नव्हता, आणि डोकंही ठिकाणावर होतं. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर उठा.

पोट्टीचं नाव नीलिमा खोब्रागडे. तिचा बाप गुलाबराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता, आता रिटायर. सहा वर्षांआधी तो तिले घेऊन माझ्या ऑफिसात आला. ऑफिस म्हणजे काय, माझ्या घराचीच खालची पुढची खोली. त्यानं दारातच चप्पल काढली. म्हणाला, "साहेब, पोरगी युनिव्हर्सिटीत पहिली आली, पण कोणी वकील हाताखाली घेऊन नाही राहिला." काहून घेत नव्हते ते त्यालेही ठाऊक होतं आणि मलेही. दोघा-तिघांनी आडनाव विचारलं होतं आणि मग जागा नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, येऊ दे उद्यापासून. आणि मग ते 'येऊ दे' मी सहा वर्षं चारचौघांत मिरवलं. बार रूममध्ये चहा पिता पिता सांगायचो, आपल्याकडे असला भेदभाव चालत नाही बाप्पा. ती शेजारी फाईल धरून उभी असली तरी सांगायचो. ती खाली पाहायची.

आमच्या धंद्यात रीत आहे. अर्ज ज्युनिअरनं लिहायचा, सही सिनिअरनं करायची. मीही माझ्या सिनिअरसाठी अकरा वर्षं तेच केलं. नीलिमानं लिहिलेलं मी पहिलं वर्षभर वाचलं, मग वाचणं सोडून दिलं. दुरुस्त करायले काही सापडायचंच नाही आणि त्याचा मले राग यायचा. ती अर्ज लिहायची, माझ्या हातात मुद्द्यांची एक चिठ्ठी द्यायची आणि मी उभा राहून गरजायचो. आवाज मले देवानं दिला आहे. लोक म्हणायचे, वैरागडे साहेबांची बहस म्हणजे बहस. तुरुंगात खटल्याविना खितपत पडलेले लोक तिच्या कागदांवर बाहेर यायचे आणि माझ्या पाया पडायचे.

तशी ती गरीब गाय, पण लिहिण्याच्या बाबतीत माझ्याशी भांडायची. एकदा एका पोराच्या जमानतीच्या अर्जातली तिची एक ओळ मी मुद्दाम खोडली, खाली-पिली, आपण सिनिअर आहो हे दाखवायले. तिनं ती ओळ पुन्हा टाकली. मी ओरडलो. ती म्हणाली, "सर, ही राहू द्या. जज साहेब इथंच थांबतील." आणि ते त्याच ओळीवर थांबले, चष्मा काढून सरकारी वकिलाकडे पाहिलं, आणि पोरगा सुटला. बाहेर आल्यावर मी तिले शाबासकी दिली का? नाही. मी म्हटलं, उद्या लवकर ये.

माझी बायको विमला एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "ती नीलिमा गेली तर तुम्ही काय कराल हो?" मी म्हटलं, जाते कुठं? सहा वर्षांत मी स्वतः एक अर्ज लिहिला नव्हता. लिहायची सवयच गेली होती माझी. विमलाले ते माहीत होतं म्हणूनच तिनं विचारलं. मी त्या दिवशी ताट अर्धं टाकून उठलो.

मागच्या दिवाळीनंतर कोर्ट उघडलं आणि नीलिमा एक जाड रजिस्टर घेऊन आली. टेबलावर ठेवलं आणि उभीच राहिली. "सर, मले मानवाधिकार कायद्यात मास्टर्स करायचं आहे. बाहेर. शिष्यवृत्ती मिळू शकते, मी सगळं पाहिलं आहे." तिनं खरंच सगळं पाहिलं होतं. वर्षभर पाहून राहिली होती, आणि मले पत्ता नाही! पाच युनिव्हर्सिट्या, प्रत्येकीले दोन-दोन पानं. कोणता कोर्स किती महिन्यांचा, कोण शिकवतं, प्रबंध किती शब्दांचा, शिकून आलेले लोक आता काय करून राहिले. अक्षर एकदम स्वच्छ, समासात लाल पेनाच्या खुणा.

"बस," मी म्हटलं. ती बसली आणि बोलायले लागली. मी तिले असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. कोर्टात ती गप्प असायची, इथं थांबून नव्हती राहिली. स्वीडनचा असा आहे सर, हॉलंडमधला तसा आहे, लंडनचं नाव मोठं आहे पण तिथं शंभरातून एखाद-दोघांले घेतात. आणि मग तिनं शेवटची पानं उघडली. इंग्लंडमधलं कुठलंसं छोटं गाव, मी नावही ऐकलं नव्हतं. तिथं विद्यार्थी खऱ्या कैद्यांची खरी प्रकरणं चालवतात. जगभरातले कोठडीत मार खाल्लेले, खटल्याविना आत सडलेले लोक. त्यांचे अर्ज आंतरराष्ट्रीय समित्यांपुढे जातात आणि ज्यांनी त्या समित्यांचे नियम बनवले तेच लोक शेजारी बसून शिकवतात. "मले हेच पाहिजे सर," ती म्हणाली. "मी हेच करून राहिली, पण अंदाजानं. मले नीट शिकायचं आहे. शिकून इथंच येईन. तुमच्याकडेच."

परत येईन म्हणे! कोण येतं परत? मी पाणी मागवलं. मारोती, माझा मुन्शी, गिलास ठेवून गेला. मी पाणी प्यायलो तोवर माझं ठरलं होतं.

"याले माझ्याकडून काय लागते?" मी विचारलं.

"शिफारसपत्र, सर. एक कॉलेजच्या मॅडम देऊन राहिल्या. दुसरं जिथं काम केलं तिथलं लागते. तुम्ही द्याल तर पाचही ठिकाणी टाकते."

"मी एकच पत्र देईन," मी म्हटलं.

तिले समजलं नाही. "पाचही ठिकाणी तेच पत्र चालते सर, फक्त..."

"एकच म्हणजे एकाच ठिकाणी. माझी सही म्हणजे काय हँडबिल आहे, गोल बाजारात वाटत फिरायले? ज्याले स्वतःवर भरोसा असतो तो पाच दारं वाजवत नाही. एक निवड."

"मॅडम म्हणत होत्या, कमीत कमी तीन ठिकाणी तरी..."

"मग मॅडमकडूनच घे ना दोन्ही पत्रं."

मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं आणि एक-एक पान काढलं. मले खुमखुमी आली होती, खरं सांगतो. स्वीडन? तिथं थंडीत दुपारी अंधार पडते, तू इथं डिसेंबरात दोन स्वेटर घालते. हॉलंड? हे तर कंपन्यांच्या जबाबदारीचं आहे, तुले सिमेंटवाल्यांची वकील व्हायचं आहे का? आयर्लंड, निर्वासितांचा कायदा. आपल्या माना कॅम्पचे निर्वासित तर आता तुझ्या-माझ्याहून पक्के रायपूरवाले झाले, त्यांले काय शिकवशील? प्रत्येक वेळी ती थोडी हसायची, कारण सर मस्करी करून राहिले असं तिले वाटायचं. मग मी त्या छोट्या गावाच्या पानावर आलो.

"तुरुंगातल्या लोकांचे अर्ज लिहायले सातासमुद्रापार काहून जायचं?" मी म्हटलं. "ते तर तू इथं माझ्या टेबलावर बसून लिहूनच राहिली. त्या गावाचं नाव तुझ्या बापाले उच्चारता येईल का? कॉलनीत कोणाले समजेल, पोरगी कुठं गेली ते? लंडन म्हण, म्हणजे मारोतीलेही समजते."

"पण तिथं घेतच नाहीत सर कोणाले."

"तुले नाही घेतलं तर घेणार तरी कोणाले?" मी म्हटलं. सहा वर्षांत मी तिचं केलेलं ते पहिलं कौतुक. तिचा चेहरा असा उजळला की दुसऱ्या कोणाले लाज वाटली असती.

तिनं रजिस्टर आपल्याकडे ओढलं. मग म्हणाली, "हव सर. तुम्ही म्हणता तर लंडनच." तिनं पट्टी घेतली आणि बाकीच्या चार नावांवर सरळ रेघा मारल्या. त्या छोट्या गावावर मारताना थोडी थांबली, पण मारली. सिनिअरचा शब्द म्हणजे शब्द, हे तिले मीच शिकवलं होतं.

डिसेंबरात माझ्या मेलवर लंडनच्या शिफारसपत्राची लिंक आली. माझा मेल म्हणजे तिनंच उघडून दिलेला, पासवर्ड तिच्याच डायरीत. तरी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, आली आहे. पण हे मी पाहायचं नसतं, असं त्यांनी लिहिलं आहे. तुम्ही एकट्यानं लिहा. मी बाहेर बसते." पहा किती सरळ! मनात आणलं असतं तर तिनं घरी बसून माझ्या नावानं स्वतःची आरती लिहून पाठवली असती आणि मले मरेपर्यंत समजलं नसतं.

"मले टायपिंग येते का?" मी म्हटलं. "अर्ज ज्युनिअरनं लिहायचा, सही सिनिअरनं करायची. आज काय नवीन आहे? लिहून आण."

दुसऱ्या दिवशी तिनं पान आणलं. तिनं वाचून दाखवलं आणि मी डोळे मिटून ऐकलं. एक शब्द जास्त नव्हता. किती अर्ज लिहिले, किती लोक सुटले, कोणत्या प्रकरणात काय मुद्दा काढला. उलट कमीच होतं. ज्या मुद्द्यावर तो पोरगा सुटला, तिथं तिनं 'श्री. वैरागडे यांच्या मार्गदर्शनाखाली' असं टाकलं होतं.

"जास्त झालं," मी म्हटलं. "'असामान्य' काढ. मॅडमनं शिकवलं का हे? 'मेहनती' टाक." तिनं काढलं. "'स्वतंत्रपणे' काढ. स्वतंत्रपणे तू काय केलं? सही कोणाची होती?" तिनं काढलं. "प्रकरणांची यादी काढ, गोपनीय असते ते." काढली. असं करत करत पान अर्धं झालं. मग मी म्हटलं, "आता उणिवा लिही."

"उणिवा?"

"विदेशी लोक हुशार असतात. नुसतं गोड पाहिलं की त्यांले शंका येते. उणिवा लिहिल्या म्हणजे पत्र खरं वाटते. लिही. हिले सतत देखरेख लागते. एकटीनं सोडलं तर गोंधळते. मोठ्या मुद्द्यांची समज अजून यायची आहे. लोकांसमोर बोलायले घाबरते. सूचना दिल्यावर काम बरं करते."

मी हिंदीत-मराठीत सांगत होतो आणि ती इंग्रजीत लिहीत होती. एकदा बोटं थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. काही विचारेल असं वाटलं, आणि विचारलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. तिनं विचारलं ते असं: "सर, माझं असं होते का? गोंधळ?"

"मी सहा वर्षं पाहून राहिलो," मी म्हटलं. "मी सावरून घेतो म्हणून तुले समजत नाही."

"हव सर," ती म्हणाली आणि लिहिलं. वरून माझं एक वाक्य वाकडं होतं, ते तिनं सरळ केलं. तिच्याविरुद्धचं वाक्य, तिनंच घासूनपुसून नीट केलं! असं चोख इंग्रजी रायपुरात कोणी लिहीत नाही.

शेवटी फॉर्ममध्ये रकाने होते. या विद्यार्थ्याले तुम्ही कुठं ठेवाल, पहिल्या पाचांत, पहिल्या दहांत, पहिल्या पंचवीसांत, की साधारण. तिनं माउस धरून माझ्याकडे पाहिलं. "साधारण," मी म्हटलं. तिनं टिचकी मारली. मग उठून उभी राहिली, म्हणाली, "पाठवायचं बटण तुम्ही दाबा सर, ते मी दाबणं बरोबर नाही." मी दाबलं. ती मले थँक्यू म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीच्या कोर्टातल्या पेशीची फाईल काढली.

मार्चमध्ये नकार आला. सकाळी ती आली, त्या दिवशीच्या पेशीची फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, नाही झालं." बस, एवढंच. मी मारोतीले पाठवून गरम आलूगुंडे मागवले. मी म्हटलं, खा पोरी, जग संपलं नाही. मी दोन खाल्ले. तिनं एक हातात धरला आणि तो तसाच थंड झाला.

आठ दिवसांनी गुलाबराव आला. पुन्हा दारात चप्पल काढली. म्हणाला, "साहेब, पोरगी जेवून नाही राहिली. तिची आई तिच्यापुढं ताट धरून बसते, ती उठून जाते. म्हणते, मी वाया गेली बाबा, मले काही येत नाही, सर सावरून घेतात म्हणून चालून राहिलं. तुम्ही समजवा ना साहेब, ती तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही." मी म्हटलं, समजावतो. त्यानं माझे हात धरले, डोळ्याले लावले. आणि मी लावू दिले हो! माझ्या जागी एखादा माणूस असता तर त्याले तिथंच रडू फुटलं असतं. मी त्याले म्हटलं, चहा घेऊन जा.

मग नीलिमा बदलली. साधा तारीख मागायचा अर्ज, चार ओळींचा, आंधळ्यानंही लिहावा असा, तो घेऊन यायची. "सर, एकदा पाहून घेता का?" वकालतनाम्यावर तारीख कुठं टाकू, विचारायची. पहिले पंधरा दिवस मले मजा आली, खोटं कायले बोलू. आली ताळ्यावर, म्हटलं. आता कुठं जात नाही. मी चष्मा लावून तिचे कागद पाहायचो, एखादा शब्द बदलायचो, ती मान हलवायची. मी बदललेला शब्द चूक असला तरी हलवायची. भांडण संपलं होतं.

मग शालिग्राम साहूचं प्रकरण आलं. भनपुरीचा हमाल, गोदामातून माल चोरल्याचा आरोप, बायको आणि दोन लेकरं घरी. जमानतीचा अर्ज होता. नेहमीसारखा तिनं लिहिला, मी वाचला नाही, सही केली. तारखेले मी उभा राहिलो, चिठ्ठी उघडली. चिठ्ठीवर होतं: आरोपी गरीब आहे, घरचा कमावता आहे, पहिलाच गुन्हा आहे. बस. हे तर कोणताही शिकाऊ लिहितो. मी चिठ्ठी उलटी करून पाहिली, मागं कोरी होती. मी आवाज चढवला, पण आवाजात घालायले काही नव्हतं. दहा मिनिटांत अर्ज फेटाळला गेला. बाहेर पायरीवर शालिग्रामची बायको बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं आणि जागेवरच भिंतीले टेकली.

दुपारी ऑफिसात मी स्वतः फाईल उघडली. कित्येक वर्षांनी. सतराव्या पानावर वजनकाट्याची पर्ची लावलेली. चोरी झाली म्हणतात त्या वेळी शालिग्राम दुसऱ्या टोकाच्या गोदामात ट्रक खाली करून राहिला होता, पर्चीवर वेळ आहे, त्याचा अंगठा आहे. माझ्यासारख्या गंजलेल्या माणसाले पाच मिनिटांत दिसली. मी ओरडलो, "नीलिमा! ही पर्ची पाहिली नाही का तू?"

"पाहिली होती सर."

"मग?"

"पाहिल्याबरोबर वाटलं, यानं सुटेल. मग वाटलं, मले दिसलं म्हणजे काहीतरी चुकतच असेल. इतकं सोपं असतं तर पोलिसांले नसतं दिसलं? तुमच्या नावानं जाते ना सर. तुमची फजिती नको म्हणून नाही टाकलं."

ती हे रडत बोलून नव्हती राहिली. शाळेतलं पोरगं पाढे म्हणते तसं सांगत होती. त्या पर्चीवर नंतर बिलासपूरले हायकोर्टात जाऊन शालिग्रामची जमानत झाली, पण तोवर तो आणखी दोन महिने आत राहिला. त्या दुपारी मात्र मी खुर्चीत बसलो आणि मले दरदरून घाम फुटला. माझी वकिली बुडून राहिली याचा घाम होता तो, आधी तोच. तिचा विचार त्यानंतर आला. पण आला.

मी मारोतीले बाहेर घालवलं, दार लावलं. म्हटलं, बस. ती बसली, हातात पेन आणि वही. लिहून घ्यायले.

"ठेव ते खाली," मी म्हटलं. "ते पत्र खोटं होतं."

"कोणतं सर?"

"लंडनचं! तू गोंधळत नाही. तुले कोणाची देखरेख लागत नाही. चाळीस वर्षांत तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही, माझ्या सिनिअरचा नव्हता, माझा तर नव्हताच नव्हता. मी मुद्दाम लिहवलं तुझ्याकडून. तू जाऊ नये म्हणून. ते लंडनही मुद्दाम निवडलं, तिथं होणार नाही हे मले तूच सांगितलं होतं. समजलं का? मी नीचपणा केला तुझ्यासोबत."

आयुष्यात मी कोणाची माफी मागितली नव्हती, बायकोचीही नाही. वाटलं होतं, आता ही उठेल, फाईली फेकून मारेल, बापाले घेऊन येईल. या म्हटलं. चप्पल हातात घेऊन या.

नीलिमा हसली. किती दिवसांनी हसली ती! आजारी माणसाले भेटायले आलेले लोक हसतात तसं, हळू.

"सर, तुम्ही लय मोठ्या मनाचे आहा," ती म्हणाली. "बाबा आले होते ना तुमच्याकडे? त्यांनी सांगितलं असेल, समजवा म्हणून."

"अगं, बाबाचा काय संबंध! मी खरं सांगून राहिलो!"

"तुम्ही मुद्दाम काहून कराल सर? तुम्ही नसते तर मले कोणी उभं केलं नसतं. हे तर तुम्हीच सगळ्यांले सांगता."

बम राग आला मले. मी टेबलावर हात आपटला. ओरडलो, तू हुशार आहे, मूर्ख पोट्टी, तू हुशार आहे! ती घाबरून उभी राहिली. सहा वर्षं मी असाच ओरडत आलो होतो, चूक झाली की. तिले वाटलं, आत्ताही तिचंच काही चुकलं. "सॉरी सर," म्हणाली.

मी म्हटलं, सॉरी नको. या वर्षी पाचही ठिकाणी टाकायचं, आणि पत्र मी सांगतो तसं लिहायचं. ती "हव सर" म्हणाली आणि निमूट कॉम्प्युटरसमोर बसली. मी सांगत गेलो. जे-जे खरं होतं ते सगळं सांगितलं, घसा कोरडा पडेपर्यंत. त्या पोराची केस, ती ओळ, जजनं काढलेला चष्मा, सुटलेल्या माणसांची नावं. तिनं एकही शब्द कमी-जास्त न करता सगळं लिहून घेतलं. लिहिता लिहिता एकदाही वर पाहिलं नाही. दुसऱ्या कोणाबद्दल लिहून राहिली होती ती.

संपल्यावर तिनं पान पुन्हा वाचलं. मग खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतकी माया होती की मले मान वर ठेवता येईना.

"सर," ती म्हणाली, "हे वाचणाऱ्याले समजेल ना, की तुम्ही दया करून लिहिलं आहे?"